तारेचे इंटरनेट अडले, तर बिघाड कसा शोधावा?



पारशिवनी तालुक्यातल्या शेतकऱ्याला पाण्याची वाट चांगली ठाऊक असते. पेंचचे पाणी तोतलाडोहातून नवेगाव खैरीच्या धरणात येते, तेथून कालव्यात, कालव्यातून चारीत आणि शेवटी दांडाने शेतात. एखाद्या दिवशी पाणी आले नाही, तर शहाणा शेतकरी उठून तोतलाडोहाकडे धावत नाही. आधी शेजाऱ्याच्या शेतात पाणी आहे का ते पाहतो, मग आपला दांड तपासतो. पाणी कुठपर्यंत आले आणि कुठून पुढे गेले नाही, हे कळले की अडथळा त्या दोहोंच्या मध्येच सापडतो.

आज मला बोलायचे आहे ते लॅपटॉपच्या इंटरनेटविषयी. पण शोधायची रीत हीच आहे.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. अशा फायबरची तार जिथे पोचली, तिथे भिंतीवर राउटरची पेटी आली. पेटीचे वायफाय दोन जाड भिंतींपलीकडे क्षीण होते, म्हणून पुष्कळ ठिकाणी खोलीपर्यंत तार ओढतात. मात्र हल्लीच्या पातळ लॅपटॉपला ती तार लावायला खाचच नसते. २००८ मध्ये अ‍ॅपल कंपनीने मॅकबुक एअर काढला, त्यालाही ती नव्हती. अशा वेळी अ‍ॅडॅप्टर लागतो. त्याचे एक टोक लॅपटॉपच्या यूएसबीत जाते, दुसऱ्या टोकाला तारेची खाच असते.

आता असे समजा, की आठवीच्या मुलांचे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरायचे आहेत आणि उद्या शेवटची तारीख आहे. ही शिष्यवृत्ती मिळाली, तर मुलाला नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये मिळतात. म्हणजे चार वर्षांचे ४८,००० झाले. शेतमजुराच्या घरी ही रक्कम थोडी नव्हे. आणि नेमके आजच इंटरनेट बंद! मग गुरुजी घाईघाईने तार काढतात, दुसरा अ‍ॅडॅप्टर लावतात, सेटिंग बदलतात आणि टाचणीने राउटरची बारीक कळही दाबून पाहतात. त्या कळीने तर बसवणाऱ्याने भरलेली माहितीच पुसली जाते. बिघाड एक होता, आता दोन झाले. म्हणून पहिला नियम असा: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदलले ते कागदावर लिहा.

पहिली पायरी शेजाऱ्याच्या शेताची. त्याच राउटरवर दुसऱ्या कोणाचे इंटरनेट चालते का? मोबाईलने पाहाल, तर त्याचा स्वतःचा डेटा आधी बंद करा, नाही तर फसाल. मोबाईललाही इंटरनेट नसेल, तर लॅपटॉपला बोल लावू नका. राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा. फायबरच्या पेटीवर एलओएस नावाचा दिवा लाल लागला असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजा आणि सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा. फायबरचे टोक काढून डोळ्यासमोर मात्र धरू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

मोबाईलचे चालते आणि लॅपटॉपचे नाही, तर दुसरी पायरी तारेची. आधी लॅपटॉपचे वायफाय बंद करा, म्हणजे काम कोणत्या वाटेने चालले आहे याचा घोळ राहणार नाही. तार दोन्ही टोकांना खट्‌ असा आवाज होईपर्यंत बसवा. प्लास्टिकचा तो खटका तुटला असेल, तर तार सैल राहते आणि हात लागला की संबंध तुटतो. अ‍ॅडॅप्टरवर बहुधा बारीक दिवे असतात. तसेच राउटरच्या त्या खाचेजवळही. दिवा लागला, म्हणजे दोन टोकांची ओळख पटली. न लागला, तर राउटरची दुसरी खाच पाहा, मग दुसरी तार.

या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. म्हणून उंदराने एखादी तार कुरतडली, तर कधी सारेच बंद पडते, कधी नुसता वेग उतरतो. शिवाय एका सलग तारेची मर्यादा १०० मीटर. शाळेच्या एका इमारतीतून दुसरीत तार नेताना हे मोजून घ्यावे.

तिसरी पायरी अ‍ॅडॅप्टरची. तो लॅपटॉपच्या दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहा. मध्ये हब नको. तरीही चालत नसेल, तर तोच अ‍ॅडॅप्टर आणि तीच तार दुसऱ्या लॅपटॉपला लावा. तिथे चालले, तर दोष पहिल्या लॅपटॉपमध्ये. विंडोज असेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अ‍ॅडॅप्टरच्या यादीत पिवळी खूण दिसली किंवा नावच नसले, तर ड्रायव्हर नावाची प्रणाली घालावी लागते. इंटरनेटच नाही, तर ती आणायची कोठून? दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर घ्या, किंवा मोबाईल यूएसबीच्या तारेने जोडून त्याचे इंटरनेट घटकाभर वापरा. आणि चालता चालता दर थोड्या वेळाने बंद पडत असेल, तर तिथेच पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती काढून टाका.

चौथी पायरी पत्त्याची. दिवे लागतात, तरी पान उघडत नाही. अशा वेळी काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपने पत्ता मागितला, पण राउटरने दिला नाही असा त्याचा अर्थ. तार राउटरच्या योग्य खाचेत आहे का पाहा आणि राउटर एकदा बंद-चालू करा. लॅपटॉप पूर्वी दुसऱ्या कचेरीत वापरला असेल, तर तिथला हाताने घातलेला पत्ता राहिलेला असतो. तो काढून 'आपोआप' असे ठेवा. आणखी एक: प्रत्येक अ‍ॅडॅप्टरला स्वतःचा बारा अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. काही जाळ्यांत नोंदलेल्या क्रमांकालाच प्रवेश मिळतो. तिथे नवा अ‍ॅडॅप्टर आणला, की त्याची नोंद करून घ्यावी लागते.

पाचवी पायरी नावाची. पिंग या आज्ञेने ८.८.८.८ या पत्त्याला हाक मारा. उत्तर आले, तर वाट मोकळी आहे. तरीही कोणतेच पान नावाने उघडत नसेल, तर नावावरून पत्ता शोधण्याची सोय, म्हणजे डीएनएस, बिघडली असावी. तीही 'आपोआप' वर आणा. लॅपटॉपची तारीख चुकली असली, तरी सुरक्षित पाने उघडत नाहीत. आणि बाकी सगळी पाने उघडतात, फक्त शिष्यवृत्तीचेच अडते, असे असेल तर? मग आपली तार निर्दोष आहे. शेवटच्या दिवशी तिकडेच गर्दी झाली असेल. काही न बदलता थोड्या वेळाने, नाही तर पहाटे, पुन्हा पाहा.

या पाचही पायऱ्या चढायला अर्धा तास पुरे. बिघाड आपल्या हातचा नसला, तरी हा वेळ वाया जात नाही. तक्रार करताना नुसते "नेट बंद आहे" असे सांगितले, तर कारागीर रिकाम्या हाताने येतो, पाहतो आणि सामान आणायला परत जातो. "मोबाईलवर चालते, तार बदलून पाहिली, अ‍ॅडॅप्टर दुसऱ्या लॅपटॉपवर चालतो," असे सांगितले, तर काय घेऊन यायचे ते त्याला तिथेच कळते.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. या पाच पायऱ्या कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवा आणि सातवी-आठवीच्या मुलामुलींकडून एकदा करवून घ्या. एक चांगली तार कपाटात राखून ठेवा. आणि अर्ज शेवटच्या दिवसावर टाकू नका. बिघाड शोधायला हाताशी दोन दिवस असले, की डोके शांत राहते.