श्रीखंडाच्या डब्यांतलं इंजिन

गेले तीन महिने आमच्या वाईच्या घराच्या पडवीत श्रीखंडाचे चोवीस रिकामे डबे ओळीनं मांडून ठेवले आहेत. येणारे पाहुणे आधी डब्यांकडे बघतात आणि मग आमच्या सौभाग्यवतींकडे. त्या डब्यांत आमच्या मोटारीचं इंजिन आहे. ते मी स्वतः खोललं. सारा जन्म बँकेत काढलेल्या माणसानं हा उद्योग का केला, ते आज सांगणार आहे.

गाडी तशी साधी, बारा वर्षं वापरलेली. इंजिन चार सिलिंडरचं, १२४८ सीसीचं टर्बो डिझेल. एके काळी हे इंजिन आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत असे आणि पुण्याजवळ रांजणगावलाही तयार होई. २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि नव्या गाड्यांतून ते गेलं.

गेल्या पावसाळ्यात पसरणीचा घाट चढताना गाडीचा जोर एकाएकी गेला. शिट्टीसारखा आवाज आणि मागं निळा धूर. मी गाडी कडेला घेऊन बंद केली, हे नशीबच. कारण टर्बोतून गळणारं तेल इंजिनात शिरलं, तर डिझेल इंजिन त्याच तेलावर चालत राहतं. किल्ली काढली तरी थांबत नाही.

आमच्या नेहमीच्या छोट्या गॅरेजमधल्या मुलानं गाडी पाहून सांगितलं, "काका, टर्बो गेला. इंजिनही खोलावं लागेल." खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या जवळपास जात होता. चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, भंगारात द्या." माझ्या डोक्यात मात्र भलतंच आलं. तेल याच मुलानं बदललं होतं. कमी प्रतीचं घातलं असणार! चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला तसं बोललो. तो गप्प राहिला. इंजिन घरी खोलण्यामागं हौस होती, पण पुरावा शोधायचा हेही मनात होतं.

टर्बो म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक छोटं चाक फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवतं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती वाटेत इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून नेतात. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं आणि छोट्या इंजिनाला मोठ्याचं बळ येतं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला २ लाख फेरेही घेतो, आणि तो तरंगतो तेलाच्या केसाहून पातळ थरावर. तो थर तुटला की संपलं.

शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मिस्त्री राहतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "खोलायला अक्कल लागत नाही, साहेब. खोललेलं ठेवायला लागते." श्रीखंडाचे डबे ही त्यांचीच कल्पना. प्रत्येकावर नंबर, आत चिठ्ठी, आणि नट सैल करण्याआधी मोबाईलवर फोटो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. पाणी आणि तेल काढून घेतलं. मग भाड्यानं आणलेल्या चेन पुलीनं इंजिन उचलून स्टँडवर बसवलं. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे, ठरलेल्या क्रमानं सैल करायचे, नाहीतर हेड वाकण्याची भीती. ते बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, कारण आवळताना ते ताणले जातात. ज्या जागेचा व्हॉल्व्ह त्याच जागी परत गेला पाहिजे. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी ही तर लग्नाची जोडी. एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. सिलिंडर किती झिजलेत ते मोजायचं आणि क्रँक घासायचा, ही कामं घरी होत नाहीत. त्यासाठी ब्लॉक आणि क्रँक साताऱ्याला मशीन शॉपमध्ये पाठवले.

आता पुराव्याकडे येतो. टर्बोचा दांडा बोटानं हलवला. आडवा किंचित हलतो, ते चालतं. पण हा पुढंमागंही सरकत होता. चाकाची पाती कडेला घासून बोथट झाली होती. तेल आणणारी बारीक नळी सोडवून मिस्त्रींनी फुंकून पाहिली. वारा पलीकडे जाईना. आत तेलाचा कोळसा झाला होता. खालचा चेंबर उघडला, तर तेल शोषणाऱ्या जाळीवर काळा चिखल. क्रँकच्या बेअरिंगवर चरे पडून आतलं तांबं दिसत होतं.

"तेल वाईट होतं ना?" मी विचारलं.

मिस्त्री उठले, गाडीचा दरवाजा उघडून म्हणाले, "हे वाचा." दरवाजाच्या कडेला त्या मुलानं चिकटवलेली चिठ्ठी होती. पुढचं तेल ८२,००० किलोमीटरला. मीटरवर आकडा होता ९६,४००. दार उघडताना ती चिठ्ठी मी रोज पाहत होतो, वाचत नव्हतो. शिवाय माझी जुनी सवय. घाट चढून पाचगणीला पोचलो की किल्ली फिरवून थेट चहाला. लालभडक तापलेल्या टर्बोत तेलाचा प्रवाह तिथंच थांबायचा आणि आतलं तेल करपायचं. एक-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं असतं, तर एवढं झालं नसतं.

तेल वाईट नव्हतं. वापरणारा बेफिकीर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये गेलो. गिऱ्हाइकं येईपर्यंत मुद्दाम थांबलो, कारण बोललो होतो ते लोकांसमोर. म्हटलं, "चूक माझी होती. तुला उगाच बोललो." त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. थोड्या वेळानं मान वर करून विचारलं, "काका, इंटरकूलर धुतला का?"

मी धुतला नव्हता. टर्बो गेला तेव्हा तेल आणि धातूचे कण त्यात जाऊन बसले होते. तो तसाच जोडला असता, तर पहिल्याच दिवशी इंजिननं ते कण गिळले असते. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असती.

संध्याकाळी तो स्वतः आला आणि इंटरकूलर काढून घेऊन गेला. आता जोडणी सुरू करायची आहे, आणि ती त्याच्या देखरेखीखाली होणार आहे. पंचविसाव्या डब्यात मी दरवाजावरची ती चिठ्ठी ठेवली आहे.