वर्णद्वेष आणि सभ्य माणसांची कसोटी
(बुद्ध जयंतीनिमित्त दिलेले भाषण)



वर्णद्वेष म्हटला की डोके भादरून रस्त्यात दगड मारणारी टोळकी आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण त्यांना बळ कोठून मिळते? यासाठी मी ब्रिटनचे उदाहरण घेतो. परमपूज्य बाबासाहेब जिथे शिकले, तोच हा देश.

दुसऱ्या महायुद्धानंतर भारत, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजमधून हजारो कष्टकरी तेथे गेले. ओतशाळांत, गिरण्यांत, बसगाड्यांवर राबले. १९६४ साली बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविक मतदारसंघात काळ्या लोकांविरुद्ध एक गलिच्छ घोषणा फिरू लागली. हुजूर पक्षाचे उमेदवार पीटर ग्रिफिथ्स यांनी तिचा निषेध करण्याचे नाकारले आणि ते निवडून आले. न बोलण्यानेही मते मिळतात, हे साऱ्यांना कळले.

२० एप्रिल १९६८ रोजी त्याच पक्षाचे इनॉक पॉवेल बर्मिंगहॅमला बोलले. परके लोक असेच येत राहिले तर रक्तपात होईल, असा त्यांचा सूर होता. पॉवेल गुंड नव्हते. ते ग्रीक भाषेचे पंडित होते, युद्धकाळात भारतात राहून गेले होते. विद्या होती, करुणा नव्हती! दुसऱ्याच दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढले. लंडनच्या गोदी कामगारांनी पॉवेल यांच्यासाठी मोर्चा काढला, तरी हीथ मागे हटले नाहीत. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा पॉवेल यांचा विरोध डावलून हीथ सरकारने सुमारे २८ हजार निर्वासितांना आसरा दिला.

पुढे काय झाले? १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी दूरचित्रवाणीवर, परक्या संस्कृतीच्या लोकांनी देश बुडून जाईल अशी लोकांना भीती वाटते, असे सांगितले. १९७९ च्या निवडणुकीत अतिउजव्या नॅशनल फ्रंटने ३०३ उमेदवार उभे केले, एकही निवडून आला नाही. पण पक्ष पडला म्हणून विचार मेला काय? त्यातला काही भाग सभ्य घरात राहावयास गेला. १९८१ च्या कायद्याने, ब्रिटनमध्ये जन्मलेल्या प्रत्येकाला आपोआप मिळणारे नागरिकत्व संपले.

बंधू-भगिनींनो, जुन्या रीती जपू पाहणारा प्रत्येक माणूस वर्णद्वेषी नसतो. पण माणसाची किंमत जन्मावरून ठरवली की सीमा ओलांडली गेली. तथागतांनी वासेट्ठ सुत्तात हेच समजावले आहे: वनस्पतींत, पशुपक्ष्यांत जन्माने जाती आहेत, माणसांत नाहीत. ही सीमा आपोआप टिकत नाही. घरातल्याच कोणीतरी उठून आपल्याच माणसाला "हे चालणार नाही" म्हणावे लागते.

म्हणून गुंडांकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. मत मागायला येणाऱ्या सभ्य गृहस्थाला विचारा, तुमच्या व्यासपीठावर द्वेषाचे भाषण झाले तेव्हा आपण काय केलेत? आणि स्वतःलाही विचारा. सोयरीक जुळवताना आपल्यातलाच कोणी पोटजात विचारतो, परप्रांतीय मजुराला हिणवतो, तेव्हा आपण तोंड उघडतो काय? सम्यक वाचा म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. वेळेवर बोलणे हीदेखील सम्यक वाचाच होय.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!