कर्करोगावरील नव्या रसायनांची परीक्षा



'कर्करोगाच्या पेशी मारणारे नवे रसायन सापडले' अशी वार्ता वर्तमानपत्रांत वारंवार येते. ती वाचून रुग्णाच्या घरी आशा पालवते, आणि क्वचित् चालू उपचार सोडून त्या नव्या औषधाची वाट पाहण्याचा मोह होतो. म्हणून अशा वार्तेचा खरा अर्थ सांगण्याचे मी योजिले आहे.

स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार विशेष उग्र असतो. त्याच्या पेशींत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन यांचे ग्राहक नसतात आणि हर-टू हे प्रथिनही वाढलेले नसते. या तीन खुणांवर नेम धरणारी औषधे तेथे निरुपयोगी ठरतात. अशा पेशींचा एक वंश १९७३ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे एका रुग्ण स्त्रीच्या छातीतील द्रवातून वेगळा केला गेला. तो आजही जगभर प्रयोगशाळांत वाढविला जातो. आपल्याकडे पेशीसंवर्धनाची ही विद्या मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे यांनी रुजविली, हे अभिमानाने सांगावेसे वाटते.

परीक्षेची रीत सोपी आहे. ९६ खळग्यांच्या ताटलीत पेशी ठेवून रसायनाची चढती मात्रा घालतात. दोन-तीन दिवसांनी एक पिवळे द्रव्य मिसळतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात. जांभळा रंग जितका फिका, तितक्या जिवंत पेशी कमी. परंतु खळग्यात पुरेसे मीठ घातले तरी पेशी मरतातच! म्हणून तीच परीक्षा निरोगी पेशींवरही घ्यावी लागते. रोगट पेशी मारून निरोगी राखणे, हाच खरा गुण होय.

त्यानंतर प्राणी, आणि मग माणसे. एरिब्युलिनचे उदाहरण घ्या. त्याचे मूळ द्रव्य जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ साली समुद्रातील स्पंजात शोधले; औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१० साली, म्हणजे २४ वर्षांनी. रोग पसरलेल्या ७६२ स्त्रियांच्या चाचणीत त्याने सरासरी आयुष्य सुमारे अडीच महिन्यांनी वाढविले. हे यश थोडे नव्हे. पण ते रोगाचे निर्मूलनही नव्हे.

भगिनींनो, संशोधकांना त्यांचा काळ लागणारच. आपण मात्र काळ दवडू नये. स्तनातील गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून ती संकोचाने लपविली जाते. ती लहान असतानाच डॉक्टरांना दाखवावी, आणि घरच्या पुरुषांनी सोबत जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.