माहीमचा सेतू : ऋण आणि उत्तरदायित्व



वांद्र्याहून माहीमकडे येणाऱ्या बसमधील प्रवाशाला आपण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात आहोत, याची जाणीवही होत नाही. परंतु माहीम हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक, तर वांद्रे हे साष्टी बेटाचे दक्षिण टोक. मधली खाडी म्हणजे एके काळी दोन राज्यांची सीमा! १७३७ साली मराठ्यांनी साष्टी पोर्तुगीजांकडून जिंकली, १७७४ साली ती इंग्रजांनी घेतली. दोन्ही तीरांवर एकच सत्ता आली. १८०३च्या सुमारास शीवकडून साष्टीत जाणारा बांधही तयार झाला. माहीमकरांना मात्र तो वळसा लांबचा. त्यांना होडीचाच आधार होता. पावसाळ्यात खाडी खवळली, की होड्या उलटत, जीव जात.

कंपनी सरकार या सेतूसाठी खर्च करण्यास राजी नव्हते. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी सुमारे दीड लाख रुपये दिले आणि या मार्गावर कोणाकडूनही पथकर घेऊ नये, अशी अट घातली. १८४५ साली सेतू खुला झाला. कोळीण असो वा व्यापारी, दोघांचीही वाट सारखीच मोकळी झाली. माउंट मेरीच्या जत्रेला जाणारा भाविक आणि रोजच्या पोटापाण्यासाठी शहरात येणारा श्रमिक आजही याच वाटेने जातो. माहीमचा लेडी जमशेटजी मार्ग त्या दातृत्वाचे स्मरण देतो.

परंतु गौरव करताना दुसरी बाजू विसरता कामा नये. याच खाडीतून मिठी नदी समुद्राला मिळते. सेतूच्या भरावाने तिचे मुख अरुंद झाले. पुढे तिच्या काठांवर भर पडत गेली, तिवरे तुटली, पात्रात कचरा साचला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच वेळी समुद्राला भरती होती. कोंडलेली मिठी घराघरांत शिरली.

हा दोष आवाबाईंच्या दानाचा नव्हे. माणसाला वाट मिळाल्यावर पाण्याची वाट राखणे, हे पुढील पिढ्यांचे कर्तव्य होते. त्यात कसूर झाली. १८४५ साली एका स्त्रीने परक्यांच्या जिवाची चिंता वाहिली. आज त्या सेतूवरून जाणाऱ्या प्रत्येकाने खालच्या पाण्याची चिंता वाहिली, तरच ते ऋण फिटेल.