लाकडाची भेग आणि कारागिराची सचोटी
(मोहाडी येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



मंडळाने मला आपल्या व्यवसायासंबंधी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी जन्माने सुतार. परंतु माझे आयुष्य खडू-फळ्यापाशी गेले. ज्यांच्या हातांस वाकस-पटाशीचे घट्टे पडले आहेत, त्यांना हत्यार कसे धरावे हे मी शिकवू नये. म्हणून आज एवढ्याच लहानशा विषयाकडे आपले लक्ष वेधतो : खरादीवर कातलेल्या लाकडी वाडग्यास भेग पडली, तर कारागिराने काय करावे?

सध्या दोन मार्ग रूढ आहेत. एक, वाडगा चुलीत घालणे. दुसरा, भुसा व सरस कालवून भेग बुजविणे, वरून रंग फासणे आणि गिऱ्हाइकास कळू न देता माल खपविणे. पहिल्यात लाकूड वाया जाते. दुसऱ्यात पत जाते. वैशाखात भेग पुन्हा उघडते, तेव्हा गिऱ्हाईक एका कारागिराला नव्हे, सबंध सुतार समाजाला नावे ठेवते. माझ्या मते तिसराही मार्ग आहे. तो म्हणजे भेग न लपविता तिलाच नक्षीचे रूप देणे.

त्यासाठी प्रथम भेगेचे कारण समजून घेतले पाहिजे. लाकूड वाळताना सर्व बाजूंनी सारखे आक्रसत नाही. गाभ्यापासून सालीकडे ते जितके आक्रसते, त्याच्या सुमारे दुप्पट ते वर्षवलयांच्या दिशेने आक्रसते. लांबीत मात्र जवळजवळ मुळीच नाही. या ओढाताणीत लाकूड उकलते. म्हणून ज्या वाडग्यात गाभा राहिला, त्यास तडा जाण्याचे भय अधिक. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि आषाढ-श्रावणात हवा ओलीचिंब होते. त्यामुळे वाळलेले लाकूडही दरवर्षी थोडे मिटते व थोडे फुगते.

यावरून भेग केव्हा भरावी हे ठरते. भर उन्हाळ्यात ती पूर्ण उघडी असताना कठीण वस्तू ठासून भरली, तर पावसाळ्यात फुगणारे लाकूड त्या भरावावर रेटते आणि तडा पुढे सरकतो. भर पावसाळ्यात भरली, तर उन्हाळ्यात भरावाच्या कडेने नवी फट दिसते. कार्तिक-मार्गशीर्षाचा मधला काळ बरा. तडा जेथे संपतो तेथे गिरमिटाने बारीक छिद्र पाडावे, म्हणजे तो सहसा पुढे धावत नाही. मग आतील धूळ व कुजका भाग काढून भराव घालावा.

भराव कशाचा? उत्तर आपल्या पायाशी आहे. पळस आणि कुसुम या झाडांवर लाख तयार होते. १९९९ साली वेगळा जिल्हा होईपर्यंत गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होते, आणि तेथील लाखेचे कारखाने प्रसिद्ध होते. पितळेसाठी तर भंडाऱ्याचे नाव सर्वदूर आहे. लाख तापवून तिच्यात पितळेचा कीस मिसळावा, ती भेगेत दाबावी, निवल्यावर कानशीने घासावी व खरादीवर पुन्हा सफाई करावी. भेगेच्या जागी सोनेरी रेघ उमटते. मात्र हे काम वाडग्याच्या बाहेरील बाजूसच करावे. आंबट पदार्थाने पितळ कळकते, म्हणून आत नुसती शुद्ध लाख घालावी. लाख उष्णतेने मऊ होते. अशा वाडग्यात कढत पदार्थ वाढू नये, हे गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावे.

लाखेने भेग भरते, पण लाकूड बांधले जात नाही. वाडग्याची भिंत जाड असेल, तर भेगेवर आडवा, डमरूच्या आकाराचा तुकडा बसवावा. त्याचे रेषे भेगेला छेदून गेले पाहिजेत. नाहीतर तो स्वतःच मोडेल. अमेरिकेतील जपानी वंशाचे विख्यात काष्ठशिल्पी जॉर्ज नाकाशिमा आपल्या मेजांच्या फळ्यांवरील भेगा अशाच तुकड्यांनी उघडपणे बांधीत. ते काही काळ पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात राहून काम करीत होते. जपानात फुटलेली मातीची भांडी झाडाच्या चिकाने सांधून त्या सांध्यावर सोन्याची पूड लावण्याची जुनी रीत आहे. उत्तर प्रदेशातील मैनपुरीचे कारागीर शिसवीच्या लाकडात पितळेची तार ठोकून नक्षी काढतात. त्या कामास तारकशी म्हणतात.

परंतु उदाहरणासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच तालुक्यात मोहाडी-आंधळगावकडे कोशाचे विणकाम होते. विदर्भातील करवतकाठी साडीत काठ आणि अंग यांचे धागे दातेरी रेषेत एकमेकांत गुंततात. विणकर तो सांधा लपवीत नाही. तोच साडीचा शृंगार ठरतो. आणि त्याला नाव मिळाले ते आपल्या करवतीचे! विणकराने आपल्या हत्याराचा असा मान राखावा आणि आपण मात्र आपला सांधा रंगाखाली दडवावा, हे शोभत नाही.

भंगलेले भांडे घरात ठेवू नये, असे आपल्या मातामाउली म्हणतात, हे मी जाणतो. त्या समजुतीचा मी अनादर करीत नाही. परंतु वाळताना उकललेले लाकूड आणि आपटून फुटलेले भांडे यांत भेद आहे. नीट सांधलेला वाडगा पुष्कळ वर्षे सेवा देतो.

शेवटी तरुण मित्रांना एवढेच विनवितो. दुरुस्त केलेला वाडगा विकताना गिऱ्हाइकासमोर तो उलटा धरा, रेघेवर बोट ठेवा आणि म्हणा, ‘येथे भेग होती, ती मी अशी भरली.’ किंमत थोडी कमी आली तरी येऊ द्या. ते गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याच दारी येईल. मंडळाने सुट्टीत चार दिवस जुन्या खरादी कारागिरांकडून मुलांना हे काम शिकविण्याची व्यवस्था करावी, अशी नम्र सूचना करून मी आपली रजा घेतो.