धागा डीएनएचा, तार चांदीची

डीएनए म्हटलं की आपल्याला आईचं नाक आणि वडिलांचा स्वभाव आठवतो. काही शास्त्रज्ञांना मात्र त्यात दिसला नुसता धागा. जाडी २ नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे ५ लाख भाग करा, त्यातला एक.

या धाग्याची खुबी अशी, की त्यावरच्या रासायनिक अक्षरांपैकी ए फक्त टीशी जुळतो आणि जी फक्त सीशी. या अक्षरांचा क्रम आपणच ठरवला, तर धागे पाण्यात आपले आपण हव्या त्या जागी चिकटतात. अमेरिकेतल्या नेड सीमन यांनी १९८०च्या दशकात ही वाट दाखवली. २००६ मध्ये कॅलटेकच्या पॉल रॉथमंड यांनी एका विषाणूचा सुमारे ७ हजार अक्षरांचा धागा घेतला, दोनशेहून अधिक छोट्या तुकड्यांनी त्याला टाके घातले, मिश्रण तापवून निववलं. तयार काय झालं? हसरा चेहरा! शास्त्रज्ञही शेवटी माणूसच.

आता विजेचं. असे आपोआप जागेवर बसणारे धागे सर्किटसाठी वापरायचे, तर एक अडचण आहे. डीएनएमधून वीज फारशी वाहत नाही, मग सर्किट कसं होणार? इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेत १९९८ मध्ये सोन्याच्या दोन टोकांमध्ये डीएनए ताणून बसवला आणि त्यावर चांदी चढवली. १२ मायक्रोमीटर लांबीची तार झाली, वीज वाहिली. पुढे २००३ मध्ये तिथेच डीएनएच्या आधाराने कार्बनची नळी नेमकी जागेवर बसवून ट्रान्झिस्टर तयार झाला.

एक गंमत सांगायची राहिली. ती चांदीची तार आतल्या धाग्यापेक्षा पन्नासपट जाड झाली होती.