दगडाला हात लावू द्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते वर्गात आधी वस्तू हाती देत आणि मग प्रश्न विचारीत. मुलांच्या संग्रहालयासाठी खनिजांचे टेबल मांडण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मला तीच रीत आठवली.

आपल्या भूमीत दगडाशी हाताची ओळख जुनी आहे. धार जिल्ह्यातील पाडल्या गावची काही कुटुंबे शेतात मिळालेले गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून पूजत आली. ती डायनासोरची अंडी असल्याचे २०२३ साली उघड झाले. शास्त्राने नाव देण्याआधी हातांनी ती जपली होती.

परंतु केवळ हौस पुरेशी नसते. पहिल्या मांडणीत मी स्कोलेसाइटचा सुईदार झुपका उघड्यावर ठेवला. एका मुलीच्या बोटात त्याची सुई मोडली. जखम क्षुल्लक होती. मात्र तिने पुढच्या एकाही दगडाला हात लावला नाही. दोष तिच्या कुतूहलाचा नव्हता, माझ्या निवडीचा होता.

त्यानंतर मी नियम ठरविले. तंतुमय, टोकदार किंवा भुगा होणारे खनिज काचेआड जावे. चकचकीत गॅलेना मुलांना भुरळ घालते. पण त्यात सुमारे ८६ टक्के शिसे असते. हिंगुळात पारा, मनशीळ व हरताळ यांत आर्सेनिक असते. बोटे तोंडात जाणाऱ्या वयाला ही खनिजे नकोत. तोंडात मावेल असा तुकडा नको. जड दगड टेबलाला पक्के बसवावेत आणि बाहेर पडताना मुलांच्या उंचीचा नळ व साबण असावा.

मग उरते ते थोडे नाही. आपल्या माळव्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून घडलेला काळा पाषाण, गुळगुळीत केलेला अकीक, लोहचुंबकाला ओढणारा मॅग्नेटाइट! फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली मांडलेली काठिण्यश्रेणी तर मूल स्वतःच पडताळते : जिप्समवर नखाचा ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत नाही.

‘हात लावू नये’ ही पाटी लिहिणे सोपे असते. ती लिहावीच लागू नये, इतका विचार मांडणाऱ्याने आधी करावा. गुरुजींचे ऋण फेडण्याचा याहून योग्य मार्ग मला दिसत नाही.